गाईच्या मापाचा हौद

१. पाणी आहे, मग मरण कसं?

'भर उन्हाळ्यात गुरांसाठी हौद भरून ठेवला, त्यात पाखरांची आणि रानातल्या प्राण्यांचीही सोय झाली. मग त्यात आणखी काय करायचं राहिलं?' रँचवरच्या, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या कुरणांवरच्या, पाणवठ्यांचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो. प्रश्न रास्त आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या अ‍ॅरिझोना, नेवाडा, वायोमिंगसारख्या राज्यांत मैलोन् मैल ओढा नसतो की झरा नसतो. अशा माळावर गाईंसाठी भरलेला हौद म्हणजे कित्येक जिवांचं एकमेव पाणी. घुबडं, ससाणे, लाव्यांची पिल्लं, खारी, सरडे, साप आणि अंधार पडल्यावर वटवाघळं असे सगळे तिथे येतात.

पण असे हौद साफ करायला घेतले की तळाशी याच पाहुण्यांची हाडं आणि पिसं सापडतात. वाळवंटात तहानेनं मरणं समजू शकतं, पण इथे तर पाण्यापर्यंत पोचलेला जीव मेलेला असतो. पाणी विषारी नसतं आणि फार खोलही नसतं. दोष असतो काठाचा. हौद गाईच्या मापाने बांधलेला असतो आणि तिथे येणारे बहुतेक जीव गाईएवढे नसतात. काय बिघडतं आणि ते किती थोडक्यात सुधारता येतं, हे या प्रकरणात क्रमाने पाहू.

२. इतके हौद आले कुठून?

एकोणिसाव्या शतकात बराच काळ या माळांवर गुरं मोकळी फिरत आणि पाणी असेल तिथे जात. दोन गोष्टींनी हे चित्र बदललं. १८५४ मध्ये डॅनियल हॅलडे याने वाऱ्याच्या दिशेप्रमाणे आपोआप वळणाऱ्या पवनचक्कीचं पेटंट घेतलं. त्यामुळे जमिनीखालचं पाणी माणूस उभा न करता वर काढता येऊ लागलं. पुढे १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन याच्या काटेरी तारेला पेटंट मिळालं आणि मोकळ्या माळाचे तुकडे पडत गेले. कुंपणात अडकलेल्या गुरांना लांबच्या ओढ्यावर जाता येईना, म्हणून प्रत्येक तुकड्यात स्वतंत्र पाणी द्यावं लागलं. जिथे कुंपण, तिथे हौद, हे समीकरण तेव्हापासून पक्कं झालं.

१९३४ च्या टेलर चराई कायद्याने सरकारी जमिनीवर परवाना घेऊन चराई करण्याची पद्धत आली. आज ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या एकाच खात्याच्या सुमारे १५.५ कोटी एकर जमिनीवर चराईला परवानगी आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट क्षेत्र. खासगी रँच त्याखेरीज. एवढ्या पसाऱ्यात पत्र्याचे गोल हौद आहेत, सिमेंटच्या लांबट डोणी आहेत आणि खाणीतल्या अजस्र वाहनांचे टाकाऊ टायर आडवे टाकून, तळ काँक्रीटने बुजवून केलेले हौदही आहेत.

या सगळ्यांचा काठ साधारण दोन फूट उंच असतो, कारण गाईला मान खाली घालून सहज पिता यावं आणि तिने आत पाय मात्र घालू नये. आतली बाजू उभी आणि गुळगुळीत असते, कारण शेवाळ घासायला ती सोपी जाते. टायरच्या हौदात तर वरची कड आतल्या बाजूला वळलेली असते. गाईच्या दृष्टीने यात काहीच खोट नाही.

३. पडलेला जीव काय करतो?

उपाय शोधण्याआधी पडलेल्या प्राण्याचं वागणं समजून घ्यायला हवं. रात्री भरून ठेवलेल्या बादलीत पाल पडली, तर ती मधोमध थांबत नाही. कड गाठते आणि कडेकडेने गोल फिरत राहते. नखं रोवायला काही मिळालं तर वर चढते, नाहीतर दमून बुडते. हौदात पडलेली खार, पक्षी किंवा वटवाघूळ हेच करतं. आधी पोहत भिंत गाठायची आणि मग भिंतीला लागून फिरत राहायचं.

म्हणूनच कित्येक रँचवाल्यांनी चांगल्या मनाने केलेला उपाय वाया जातो. तो उपाय म्हणजे पाण्यात तरंगती फळी सोडणं. बुडणारा प्राणी भिंतीला चिकटून फिरत असतो आणि फळी मधे डुलत असते, दोघांची गाठच पडत नाही. पडली तरी ओल्या फळीवर एका बाजूने वजन आलं की ती कलंडते. शिवाय गाई पाणी पिताना फळी नाकाने ढकलतात, कधी बाहेर भिरकावून देतात. हिवाळ्यात पाणी गोठतं अशा भागात बर्फ तिला हलवून ठेवतो. फळी टाकलेली असते, मनाला समाधान मिळतं आणि तळाशी हाडं साचतच राहतात.

शिकारी पक्ष्यांची गत आणखी वाईट. घुबडं आणि ससाणे पाणी प्यायला येतात तसे अंघोळीलाही येतात. खोल पाण्यात एकदा पिसं भिजली की वजन वाढतं आणि पंखांचा जोर पुरत नाही. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात गुरांच्या एकाच हौदात बुडालेल्या शिकारी पक्ष्यांची शास्त्रीय नोंद १९७६ सालीच प्रसिद्ध झाली होती. प्रश्न नवा नाही, त्याकडे बारकाईने बघणं मात्र पुष्कळ नंतर सुरू झालं.

४. बाहेर पडायची वाट

उपाय आहे उतार, म्हणजे काठापासून तळापर्यंत जाणारा खरखरीत रॅम्प. दिसायला साधा, पण त्याचे चार नियम आहेत. बॅट कॉन्झर्वेशन इंटरनॅशनल या संस्थेने २००७ मध्ये रँचवाल्यांसाठी काढलेल्या पुस्तिकेत ते मांडले आणि पुढे अनेक सरकारी खात्यांनी उचलले.

पहिला नियम: उतार भिंतीला टेकलेला हवा. प्राणी भिंतीच्या कडेने येतो, त्यामुळे उतार त्याच्या वाटेत आडवा यायला हवा. इथे एक बारीक चूक नेहमी होते. जाळीचा पत्रा वरून काठाला अडकवतात आणि खालचं टोक हौदाच्या मध्याकडे सोडतात. वरून पाहिलं तर झकास वाटतं. पण पत्र्याच्या मागे, भिंत आणि जाळी यांच्यामध्ये, एक मोकळा त्रिकोण उरतो. पोहत आलेली खार त्या पोकळीत शिरते आणि उताराच्या खालून पलीकडे निघून जाते, किंवा तिथेच अडकते. म्हणून दोन्ही बाजूंची फट जाळीने बंद करावी लागते.

दुसरा नियम: उतार तळापर्यंत पोचायला हवा. पाणी आज काठोकाठ असेल, उद्या निम्मं होईल. उतार अर्ध्यावर संपला, तर पाणी खाली गेल्यावर तो नुसताच वर लटकतो.

तिसरा नियम: चढ ४५ अंशांपेक्षा तीव्र नको. याचं गणित करून पाहू. हौद दोन फूट खोल असेल तर ४५ अंशांचा उतार हौदात दोनच फूट जागा अडवतो. चढ आणखी सौम्य करून उंचीच्या दुप्पट लांबी घेतली तर चार फूट जागा जाते आणि तेवढी गुरांची पिण्याची जागा कमी होते. ४५ अंश म्हणजे खारीला चढता येईल आणि गाईला अडचण होणार नाही, असा मधला मार्ग.

चौथा नियम: पृष्ठभाग खरखरीत आणि जोडणी घट्ट हवी. लोखंडी जाळीचा पत्रा, दगड रचून केलेला बांध किंवा खडबडीत सोडलेलं काँक्रीट, यांपैकी काहीही चालतं. गुळगुळीत पत्रा मात्र चालत नाही. आणि उतार बोल्टने आवळावाच लागतो, कारण दुपारच्या उन्हात पन्नास गाई एकदम पाण्यावर आल्या की त्यांच्या डोक्यांच्या रेट्यापुढे तारेने बांधलेलं काही टिकत नाही.

आता एका हौदाला असे उतार किती? साधारण ३० फूट काठामागे निदान एक, असा हिशेब धरतात. २० फूट व्यासाच्या गोल हौदाचा घेर ३.१४ गुणिले २०, म्हणजे जवळपास ६३ फूट. त्याला दोन उतार जेमतेम पुरतात, तीन असले तर उत्तम. दमलेल्या प्राण्याला उतार लवकर गाठता यावा, एवढाच या हिशेबाचा अर्थ.

५. उडता उडता पाणी पिणारे

आतापर्यंत आपण पाण्यात पडलेल्या जिवाचा विचार केला. पण तो पडलाच का? वटवाघळांच्या बाबतीत याचं उत्तर त्यांच्या पाणी पिण्याच्या पद्धतीत आहे.

कीटक खाणारी वटवाघळं काठावर बसून पाणी पीत नाहीत. ती पाण्याच्या अगदी लगत, सरळ रेषेत उडत येतात, खालचा जबडा पाण्याला टेकवून घोट घेतात आणि तशीच वर निघून जातात. पाकोळ्या आणि काही निशाचर पक्षीही असंच पितात. यासाठी समोर मोकळं पाणी हवं. छोट्या, चपळ जातींना थोडी लांबी पुरते. लांब, अरुंद पंखांच्या वेगवान जातींना मात्र कित्येक मीटर लागतात, कारण त्यांना हवेत झटकन वळता येत नाही.

आता रँचवरचा हौद डोळ्यांपुढे आणा. पत्रा फाकू नये म्हणून वरून आडवे लोखंडी दांडे टाकलेले असतात. एकच हौद दोन कुरणांना पुरवायचा म्हणून कुंपण बरोबर त्याच्या मधून गेलेलं असतं आणि पाण्याच्या वर काटेरी तारांचे पदर ताणलेले असतात. दहा फूट लांब डोणीवर मधोमध एक दांडा आला की वटवाघळासाठी ती दहा फुटांची राहत नाही, पाच-पाच फुटांचे दोन तुकडे होतात. मोठ्या जातींना तिथे पिताच येत नाही. लहान जाती प्रयत्न करतात, पण एका घोटासाठी त्यांना पुन्हा पुन्हा फेऱ्या माराव्या लागतात. उत्तर अ‍ॅरिझोनात संशोधकांनी अंधारात चित्रण करणारे कॅमेरे लावून हे पाहिलं. हौदावर अडथळे असले की फेऱ्यांची संख्या कित्येक पट वाढत होती.

फेऱ्या वाढल्या तर बिघडलं काय? एक तर प्रत्येक फेरीत तारेला धडकून पाण्यात पडण्याचा धोका. दुसरं म्हणजे अंगातली शक्ती आणि पाणी दोन्ही खर्च होतात. वटवाघळाच्या पंखांची उघडी, पातळ कातडी मोठी असते आणि कोरड्या हवेत तिच्यातून बरंच पाणी उडून जातं. पिल्लांना पाजणाऱ्या माद्यांची गरज तर फारच मोठी. रिक अ‍ॅडम्स आणि मार्क हेज यांचा कोलोरॅडोतला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाजणाऱ्या माद्या इतर माद्यांपेक्षा सरासरी १३ पट जास्त वेळा पाण्यावर आल्या. त्या दिवसांत हौदावरची एक तार म्हणजे दूध आटण्याचं कारण ठरू शकते.

उपाय गवंडी किंवा वेल्डर सहज करील असे आहेत. आधाराचे दांडे वरून न टाकता बाहेरच्या बाजूने लावावेत. कुंपण हौदाला वळसा घालून न्यावं. ते हौदावरूनच न्यावं लागलं, तर आडवं न नेता लांबीच्या दिशेने, एका काठाजवळून न्यावं, म्हणजे उरलेला पट्टा सलग मोकळा राहतो. वापरात नसलेल्या जुन्या तारा तर आजच कापून टाकाव्यात.

६. पातळीचा प्रश्न

काठोकाठ भरलेला हौद निम्म्या भरलेल्या हौदापेक्षा सुरक्षित असतो. ऐकायला हे उलटं वाटतं, कारण जास्त पाणी म्हणजे जास्त धोका अशी आपली समजूत. पण दोन फुटी हौद काठोकाठ असला तर पडलेल्या पक्ष्याला काठ पकडता येतो. पाणी निम्म्यावर आलं की त्याच्यासमोर फूटभर गुळगुळीत भिंत उभी राहते. काठावरून वाकून पिणाऱ्या पक्ष्याचा तोलही तेव्हाच जातो.

पातळी किती लवकर उतरते ते पाहू. २० फूट व्यासाच्या, दोन फूट खोल हौदात साधारण १७,८०० लिटर पाणी मावतं. कडक उन्हात एक मोठी गाय दिवसाला ६० लिटर सहज पिते. १०० गाई असतील तर रोज ६,००० लिटर. पंप बंद पडला तर दीड दिवसात हौद निम्मा आणि तीन दिवसांत कोरडा. म्हणून घरच्या टाकीत असतो तसा बॉलकॉक चालू स्थितीत असणं ही गुरांइतकीच रानातल्या जिवांचीही गरज आहे.

गुरं दुसऱ्या कुरणात हलवल्यावर काय करायचं हा यातला अवघड भाग. पंप बंद करून हौद तसाच सोडला, तर पाणी हळूहळू आटतं आणि प्रत्येक दिवशी भिंत थोडी उंच होत जाते. सवयीने येणारे प्राणी येतच राहतात. म्हणून उन्हाळाभर तरी हौद भरता ठेवावा, आणि ते जमणार नसेल तर पूर्ण रिकामा करावा. अर्धवट पाणी सगळ्यांत वाईट.

७. काठाबाहेर काय चाललंय?

हौद भरून वाहू लागला की भोवती चिखल होतो. गाईंच्या खुरांनी त्यात खड्डे पडतात आणि प्रत्येक खड्ड्यात कोमट पाणी साचतं. डासांना याहून चांगली जागा नाही. डासांमार्फत पसरणारा वेस्ट नाइल विषाणू अमेरिकेत १९९९ मध्ये न्यूयॉर्क परिसरात पहिल्यांदा आढळला आणि चार वर्षांत पश्चिमेच्या माळांवर पोचला. २००३ मध्ये वायोमिंग आणि मोंटाना भागात सेज ग्राउस पक्षी त्याने मेल्याचं दिसलं. सेजब्रशच्या झुडपांत राहणारा, कोंबड्याएवढा हा पक्षी आधीच कमी होत चालला होता आणि या रोगापुढे तो फार दुबळा ठरला. तेव्हापासून साचलेलं पाणी हा तिथल्या वन्यजीव खात्यांच्या काळजीचा विषय आहे. उपाय असा की जादा पाणी नळीने हौदापासून दूर, गुरांचे पाय पोचणार नाहीत अशा जागी सोडायचं आणि हौदाभोवती खडी घालून जमीन कडक करायची.

झऱ्याचं पाणी नळाने हौदात आणलं असेल तर आणखी एक काळजी हवी. सगळंच पाणी ओढून घेतलं की झऱ्यापाशी वाढलेली हिरवळ सुकते आणि तिच्यावर जगणारे जीव जातात. बॉलकॉक असला की हौद भरल्यावर पाणी तुंबत नाही, झऱ्याच्या मूळ वाटेनेच वाहत राहतं. झऱ्याच्या उगमाला कुंपण आणि गुरांना खाली हौद, ही जोडी दोघांच्याही सोयीची.

८. रँचवाल्याच्या तळ्यातला बेडूक

गुरांच्या पाण्याने जीव जातात, तसे वाचतातही. अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोत गुरांसाठी मातीचे बांध घालून छोटी तळी केलेली असतात. चिरिकाहुआ लेपर्ड फ्रॉग नावाचा ठिपक्यांचा बेडूक पूर्वी तिथल्या ओढ्यांत आणि दलदलीत राहायचा. ओढे आटले. देशाच्या पूर्व भागातून आणलेला बुलफ्रॉग त्याला खाऊ लागला आणि बुरशीच्या रोगानेही त्याला गाठलं. उरलेसुरले बेडूक अनेक ठिकाणी गुरांच्या तळ्यांच्या आधाराने तगले.

२००२ मध्ये या बेडकाला धोक्यातली जात म्हणून कायद्याचं संरक्षण मिळालं, तेव्हा एक पेच उभा राहिला. संरक्षित जात आपल्या तळ्यात सापडली तर सरकार तळं वापरू देणार नाही, या भीतीने रँचवाल्याने ते बुजवलं असतं तर? म्हणून त्याच वेळी खास नियम केला गेला. केंद्र सरकारच्या मालकीच्या नसलेल्या जमिनीवर गुरांच्या तळ्याचा नेहमीचा वापर आणि देखभाल करताना नकळत बेडकाला इजा झाली, तर तो गुन्हा धरायचा नाही. त्याच भागात १९९४ मध्ये रँचवाल्यांनीच स्थापन केलेल्या मालपाई बॉर्डरलँड्स ग्रुपनेही गुरं आणि रान एकत्र सांभाळण्याची वाट धरली. धाकापेक्षा भरवशाने काम होतं, हे या बेडकाच्या निमित्ताने दिसलं.

९. आपल्याकडची विहीर

आपल्याकडे रँच नाहीत, पण उभ्या भिंतीचं पाणी आहे. जुन्नर भागात उसाच्या फडांतून फिरणारे बिबटे कठडा नसलेल्या विहिरीत पडतात. वनखात्याची माणसं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचं पथक येतं, तेव्हा अनेकदा दोराने एक बाज खाली सोडतात. पोहून दमलेला बिबट्या आधी तिच्यावर चढून बसतो, मग पिंजरा उतरवला जातो. त्याला आधी पाय टेकायला जागा हवी असते. हौदातल्या खारीलाही तेवढंच हवं असतं.

फरक इतकाच की विहिरीतून जनावराला प्यायचं नसतं, म्हणून तिथे कठडा बांधून पडणंच टाळता येतं. गीरच्या परिसरात सिंहांसाठी विहिरींना कठडे बांधण्याचं काम याच विचाराने झालं. गुरांच्या हौदाला उंच कठडा घातला तर गाय काय पिणार? म्हणून तिथे पडणाऱ्याला बाहेर यायची वाट द्यावी लागते.

आपल्या जंगलांत वनखातं सिमेंटचे उथळ, बशीच्या आकाराचे पाणवठे करतं. त्यांचा काठ चहूबाजूंनी उताराचा असल्यामुळे त्यात कोणी बुडत नाही. मग रँचवर तेच का करत नाहीत? कारण शंभर गाई बशीत उतरतील, शेण घालतील आणि उथळ पाणी उन्हाने झपाट्याने उडून जाईल. आपल्याकडेही उन्हाळ्यात हे पाणवठे टँकरने भरावे लागतात. पाणवठ्याचा आकार ठरवताना तिथे कोण कोण येणार, याची यादी आधी करावी लागते.

१०. खर्च कोणाचा, फायदा कोणाचा?

उताराला लागतो जाळीच्या पत्र्याचा एक तुकडा, चार बोल्ट आणि वेल्डरची थोडी मेहनत. अमेरिकेच्या कृषी खात्याची नैसर्गिक संसाधन संवर्धन सेवा नव्या हौदांसाठी अनुदान देते आणि तिच्या मानकात वन्यप्राण्यांना बाहेर पडता येईल अशी सोय धरलेली आहे. पण रँचवाल्याने हे निव्वळ भूतदयेपोटी करावं असं नाही. सडलेल्या खारीचं पाणी गाई नीट पीत नाहीत आणि कमी प्यायलेली गाय कमी खाते. मेलेल्या प्राण्यामुळे दूषित झालेल्या पाण्यातून गुरांना बोटुलिझम होऊ शकतो. या रोगात स्नायू लुळे पडतात आणि जनावर दगावतं. शिवाय हौदावर येणारी वटवाघळं रात्रभर किडे खातात.

पाहणी करताना पाच गोष्टी बघायच्या: पाणी काठापर्यंत आहे का, उतार भिंतीला आणि तळाला टेकलाय का, त्याच्या मागे फट आहे का, पाण्यावरून तार किंवा दांडा गेलाय का, आणि हौदाबाहेर पाणी साचतंय का. आठवड्यातून एकदा पंप बघायला जाणारा माणूस तेवढ्याच फेरीत हे उरकू शकतो. नवा हौद घेताना मात्र उतार त्याच्यासोबतच मागवावा आणि पहिलं पाणी सोडण्याआधी बसवून घ्यावा. एकदा हौद भरला आणि गुरं आली की 'पुढच्या महिन्यात बसवू' असं होतं, आणि तो महिना काही येत नाही.